गळते ते पाणी, फुटते ती बातमी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘टाकी लीक होतेय, प्लंबरला बोलवा.’ हे वाक्य आपल्या घरात वर्षातून एकदा तरी उच्चारले जातेच. आजीलाही ते कळते, नातवालाही कळते. ‘लीक’ हा शब्द इंग्रजी आहे याची आठवण कुणाला होत नाही, इतका तो आपल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात रुळला आहे. नळ लीक होतो, गॅस लीक होतो, पावसाळ्यात गच्ची लीक होते. आणि मग सकाळी वर्तमानपत्र उघडावे तर तिथेही काहीतरी लीक झालेलेच असते. कधी प्रश्नपत्रिका, कधी एखादी ध्वनिफीत, कधी सरकारी अहवाल, कधी मंत्र्याने मंत्र्याला लिहिलेले पत्र.

पाण्याची ही गळती बातमीच्या धंद्यात आली कुठून? आणि आल्यावर तिने काय केले? आज या एका साध्या शब्दाचा माग काढायचा आहे. शब्दाचा म्हटला तरी तो माग अखेर माणसांचाच आहे. कारण पाणी आपोआप गळते, कागद आपोआप गळत नाही. पण बातमीत ‘कागद लीक झाले’ असे वाचले की कुणाचा हात त्यात होता हा प्रश्न क्षणभर आपल्या मनात येतच नाही. या शब्दाची सोय तिथे आहे आणि धोकाही तिथेच आहे.

मूळ शब्द युरोपच्या उत्तरेकडचा. तिकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेत त्याच्या मुळाचा अर्थ ठिबकणे, झिरपणे असा होता. लाकडी गलबताच्या दोन फळ्यांमधून पाणी आत येऊ लागले की ते ‘लीक’. खलाशाच्या दृष्टीने त्याहून वाईट बातमी नव्हती. फटी कापसाने आणि राळेने बुजवायच्या, आत आलेले पाणी उपसायचे आणि किनारा गाठेपर्यंत देवाचे नाव घ्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच शब्द गुपितासाठी वापरला जाऊ लागलेला दिसतो. लपवलेली गोष्ट ‘लीक’ होऊन बाहेर आली, असे लोक लिहू लागले. प्रतिमा उलटी झाली होती. गलबतात पाणी बाहेरून आत येते. इथे आतले बाहेर येऊ लागले. राज्यकारभाराला जहाज म्हणण्याची पद्धत युरोपात फार जुनी, त्यामुळे शब्दाला बसायला जागा तयारच होती.

शब्द नवा असला तरी कृती जुनीच होती. बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला विजेचे प्रयोग करणारा शास्त्रज्ञ म्हणून ठाऊक आहे. अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत होती तेव्हा तो लंडनमध्ये राहत होता आणि वसाहतींच्या टपालखात्याचा मोठा अधिकारीही होता. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन याने पूर्वी इंग्लंडमधल्या ओळखीच्या माणसाला लिहिलेली काही पत्रे फ्रँकलिनच्या हाती आली. वसाहतीतल्या लोकांच्या स्वातंत्र्याला आवर घालायला हवा, अशा आशयाचा मजकूर त्यांत होता. फ्रँकलिनने ती १७७२ च्या अखेरीस बोस्टनला पाठवली, निवडक लोकांनीच पाहावीत अशी अट घालून. अशी अट कधी पाळली जाते का? १७७३ मध्ये पत्रे छापून आली आणि बोस्टनमध्ये संताप उसळला. पत्रे कुणी पाठवली यावरून लंडनमध्ये दोन भलत्याच माणसांचे द्वंद्वयुद्ध झाले, तेव्हा फ्रँकलिनने आपले नाव जाहीर केले. जानेवारी १७७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे करून त्याची भरसभेत निर्भर्त्सना करण्यात आली आणि टपालखात्यातले पद काढून घेण्यात आले. दुसऱ्याची पत्रे फोडणारा पोस्टमास्तर, असा हा प्रकार. देशभक्ताचे काम म्हणावे की विश्वासघाताचे? प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून जुना झालेला नाही.

यापुढची गोष्ट एका कारकुनाची. चार्ल्स मार्विन हा लंडनच्या परराष्ट्र खात्यात हंगामी नोकरीवर होता. कागदांच्या नकला करणे हे काम, पगार बेताचा. १८७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्या युद्धानंतर बर्लिनला मोठी परिषद भरायची होती. तिथे सगळे उघडपणे ठरणार असे जगाला सांगितले जात होते. पण त्याआधीच इंग्लंडने रशियाशी गुपचूप करार करून ठेवला होता. त्या कराराची नक्कल करायला दिली गेली ती मार्विनकडे! त्याने त्यातला सारांश ‘द ग्लोब’ या वर्तमानपत्राला दिला. परराष्ट्रमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांनी वरिष्ठ सभागृहात सांगितले, की ही बातमी विश्वास ठेवण्याजोगी नाही. मग १४ जून रोजी ‘ग्लोब’ने संपूर्ण मसुदाच छापला.

मार्विनला अटक झाली. पण खटला कशाचा भरायचा? सरकारी कागद चोरल्याचा आरोप ठेवावा, तर कागद चोरीला गेलेलाच नव्हता. मार्विनची स्मरणशक्ती विलक्षण होती. अख्खा मसुदा त्याने डोक्यात साठवून बाहेर नेला होता. माहिती चोरणे हा त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात गुन्हाच नव्हता, त्यामुळे मॅजिस्ट्रेटने त्याला सोडून दिले. दारावरचा शिपाई खिसे तपासू शकतो, डोके कसे तपासणार?

सरकारने धडा घेतला. १८८९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सरकारी गुपितांचा कायदा केला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही तसाच कायदा झाला, आणि त्यालाही एका बातमीची पार्श्वभूमी होती. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरविषयी सरकारच्या परराष्ट्र खात्यातला एक गोपनीय मजकूर छापला होता. काश्मीरच्या महाराजांचे अधिकार काढून घेण्यामागे सरकारचा खरा हेतू काय, याची चर्चा त्यामुळे देशभर झाली. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांचे सरकार संतापले. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, हा कायदा आणखी कडक झाला आणि १९२३ मध्ये त्याला नवे रूप मिळाले. तो १९२३ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही आपण ठेवला. इंग्रज गेले, त्यांचे कुलूप राहिले.

महाराष्ट्रातली हकीकत तर याआधीची. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशी चर्चा होती. दिवाणांचा दुष्ट हेतू सिद्ध करणारी म्हणून काही पत्रे पुण्यात पोहोचली. आगरकर आणि टिळक, दोघेही विशी-पंचविशीतले तरुण. त्यांनी त्या पत्रांवर विश्वास ठेवून कडक लेखन केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि कोर्टात निष्पन्न झाले, की पत्रे बनावट आहेत! संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले, ते मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांचे जंगी स्वागत झाले, हेतू शुद्ध होता हे लोकांनी जाणले होते. हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण बातमीदारीच्या दृष्टीने धडा वेगळा आहे. गुपचूप हाती आलेला कागद खरा असेलच असे नाही. उलट, तो गुपचूप आलेला असतो म्हणूनच आपल्याला अधिक खरा वाटतो. दारातून दिलेल्या कागदावर आपण संशय घेतो. फटीतून सरकवलेला कागद मात्र कपाळाला लावतो. नळाचे पाणी गाळून पिणारी माणसे गळतीचे पाणी तसेच ओंजळीने पितात, असा हा प्रकार आहे.

काही गुपिते मात्र अगदी प्रामाणिक असतात. ती ठराविक वेळेपर्यंतच जपायची असतात. त्या वेळेच्या आधी फुटली तर अनर्थ, नंतर ती सगळ्यांचीच. देशाचा अर्थसंकल्प हे त्यातले नामांकित उदाहरण. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन अर्थसंकल्प मांडायला सभागृहात निघाले होते. वाटेत ‘द स्टार’ या सायंदैनिकाचा ओळखीचा बातमीदार भेटला. चालता चालता डाल्टन दोन वाक्ये बोलून गेले, कशावर कर वाढणार आणि कशावर नाही याची. आता भाषण सुरूच होणार, काय बिघडते, असे त्यांना वाटले असावे. बातमीदाराने फोन गाठला, छापखान्याने चपळाई केली आणि डाल्टन सभागृहात त्या करांपर्यंत पोहोचण्याआधीच अंकाच्या काही प्रती लंडनच्या रस्त्यावर आल्या. शेअर बाजार तेव्हा उघडा होता. कुणी त्याचा फायदा उठवल्याचे दिसले नाही. तरीही दुसऱ्या दिवशी डाल्टन यांनी सभागृहात चूक कबूल केली आणि पद सोडले. दोन वाक्यांची किंमत अर्थमंत्रिपद!

आपल्याकडे १९५० मध्ये अर्थसंकल्पाचा काही भाग आधीच बाहेर गेला होता. जॉन मथाई तेव्हा अर्थमंत्री होते आणि छपाई राष्ट्रपती भवनात होत असे. त्या प्रकारानंतर छपाई मिंटो रोडवरच्या छापखान्यात नेली गेली आणि १९८० मध्ये अर्थमंत्रालयाच्याच नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. हलव्याची कढई चढायची, अर्थमंत्री कर्मचाऱ्यांना हलवा वाढायचे आणि मग ती मंडळी अर्थसंकल्प मांडला जाईपर्यंत आतच कोंडून घ्यायची, ही प्रथा आपण बातम्यांत पाहत आलो. २०२१ पासून खासदारांना कागदी प्रतींऐवजी डिजिटल प्रती मिळू लागल्या, तरी हलवा टिकला.

या शब्दाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र अमेरिकेत, आणि तिथे गळतीबरोबर प्लंबरही आले.

डॅनियल एल्सबर्ग हा अमेरिकी संरक्षण खात्याच्या अभ्यासगटात काम केलेला तज्ज्ञ. व्हिएतनाम युद्धात अमेरिका कशी ओढली गेली, याचा सुमारे ७,००० पानांचा गुप्त इतिहास खात्यानेच तयार करवून घेतला होता. युद्ध जिंकता येणार नाही हे वरिष्ठांना कळत होते आणि जनतेला मात्र वेगळेच सांगितले जात होते, हे त्यातून दिसत होते. एल्सबर्गने मित्राच्या मदतीने एका जाहिरात कंपनीच्या कचेरीत रात्री-रात्री बसून त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. एकदा त्याचा तेरा वर्षांचा मुलगाही मदतीला होता. मार्विनच्या काळी स्मरणशक्ती लागली होती. नव्वद वर्षांनी झेरॉक्सचे यंत्र पुरले.

१३ जून १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही कागदपत्रे छापायला सुरुवात केली. सरकारने कोर्टातून छपाई थांबवली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पुढचा भाग छापायला घेतला. ३० जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की वृत्तपत्रांना छापण्यापासून रोखता येणार नाही.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मग आपल्या कार्यालयातच एक गुप्त पथक नेमले. काम काय, तर गळती थांबवणे. गळती थांबवणाऱ्याला काय म्हणतात? पथकातल्या एकाने खोलीच्या दारावर पाटीच लावली, ‘प्लंबर’. हा विनोद होता, पण पुढचे सगळे त्या विनोदाच्या पोटातून निघाले. एल्सबर्गची बदनामी करता येईल असे काही मिळावे म्हणून सप्टेंबर १९७१ मध्ये त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यात चोरून शिरण्यात आले. हे ज्यांनी आखले त्यांतलेच दोघे पुढच्या वर्षीच्या आणखी एका घरफोडीमागे होते. ती घरफोडी १७ जून १९७२ ची, विरोधी पक्षाच्या कचेरीतली. इमारतीचे नाव वॉटरगेट. रखवालदाराला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली, त्याने पोलिसांना बोलावले आणि पाच जण सापडले.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. दवाखान्यातली चोरी उघड झाली तेव्हा सरकारच्याच गैरवर्तनामुळे न्यायाधीशांनी मे १९७३ मध्ये एल्सबर्गवरचा खटला काढून टाकला. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला आतून मदत करणारा गुप्त माणूस म्हणजे तपासयंत्रणा एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट होता, हे ३१ मे २००५ रोजी, तीस वर्षांनी, जाहीर झाले. एक गळती बंद करायला निघालेल्या प्लंबरांनी अख्खी इमारत खचवली. आणि त्या इमारतीच्या नावातले ‘गेट’ तेव्हापासून प्रत्येक भानगडीच्या शेपटाला जोडले जाऊ लागले, ते वेगळेच.

आता एक गंमत पाहा. वॉशिंग्टनच्या पत्रकारांत एक जुना विनोद सांगतात, की राज्याचे जहाज हे जगातले एकमेव जहाज आहे जे वरून गळते. म्हणजे बातम्या बाहेर जातात त्या कारकुनांकडून कमी आणि मंत्री-सचिवांकडून जास्त. ब्रिटनचे नेते जेम्स कॅलहन यांनी तर सरकारी गुपितांच्या कायद्याचा विचार करणाऱ्या समितीपुढे फरक स्पष्टच सांगितला होता. त्याचा आशय असा, की मी सांगतो तेव्हा ती माहिती देणे असते, आणि तुम्ही सांगता तेव्हा ती गळती! विरोधकाला अडचणीत आणायचे, एखाद्या योजनेवर लोक काय म्हणतात ते चाचपायचे, स्पर्धकाचे मंत्रिपद हुकवायचे, या सगळ्यासाठी वरचे लोक हळूच नळ सोडतात. बातमीत छापून येते, ‘लीक झाले’. प्रत्यक्षात तोटी कुणीतरी फिरवलेली असते.

इथे मला आपल्या मराठीचे कौतुक वाटते. आपल्याकडे ‘गळती’ हा शब्द आहे. पण आपण तो गुपितासाठी फारसा वापरला नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेला आपण ‘वायुगळती’ म्हटले. राजकीय पक्षाला गळती लागते, शाळेतून मुलांची गळती होते. म्हणजे जे हळूहळू कमी होते, ते गळते. गुपित मात्र मराठीत गळत नाही, ते फुटते. पेपर फुटतो, बातमी फुटते, बिंग फुटते. मोठे असेल तर त्याचा थेट स्फोट होतो, गौप्यस्फोट! तिसऱ्या माणसाच्या कानी गेले की ते षट्कर्णी होते. दोघांचे चार कान, तिसऱ्याचे दोन. इंग्रजाच्या मनात गलबत होते, आपल्या मनात मडके असावे. मडके एकदा फुटले की थेंब मोजत बसायची गरज उरत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणातली आहे. इंग्रजीत ‘लीक’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालते, आपोआप गळण्यालाही आणि कुणी मुद्दाम गळू देण्यालाही. मराठीत दोन आहेत. ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’. पेपर फुटला म्हटले तर जणू तो आपल्या कर्माने फुटला. पेपर फोडला म्हटले, की लगेच मनात येते, कुणी? आणि हेच क्रियापद आपण आणखी एका ठिकाणी वापरतो. अन्यायाला ‘वाचा फोडली’ असे आपली वर्तमानपत्रे लिहितात. पेपर फोडणारा आणि वाचा फोडणारा, क्रियापद एक, पण एक तुरुंगात जायला हवा आणि दुसऱ्याच्या पाठीशी आपण उभे राहायला हवे. या दोघांमधला फरक ओळखणे, हे वाचक म्हणून आपले काम आहे.

वाचा फोडणाऱ्यांचे काय होते? बोफोर्सच्या तोफांच्या व्यवहारात दलाली दिली गेल्याची बातमी प्रथम दिली ती स्वीडनच्या नभोवाणीने, एप्रिल १९८७ मध्ये. पुढे ‘द हिंदू’मध्ये चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी कागदपत्रांसह त्याचा पाठपुरावा केला. ते कागद दिले कुणी? स्वीडनमध्ये या प्रकरणाचा तपास करणारे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी. हे त्यांनी स्वतः जाहीर केले २०१२ मध्ये, पंचवीस वर्षांनी. पंचवीस वर्षे एका पत्रकाराने एक नाव पोटात ठेवले. गळतीच्या गोष्टी सांगताना हे न गळलेले नाव आपण विसरू नये.

कारण नाव गळले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. सत्येंद्र दुबे हा कानपूरच्या आयआयटीत शिकलेला अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर बिहारमध्ये होता. कामातल्या गैरप्रकारांविषयी त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याचा खून झाला. सीबीआयच्या तपासात खुनाचे कारण लुटीचा प्रयत्न असे सांगितले गेले आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. कारण काहीही असो, ज्याने विश्वासाने नाव झाकायला सांगितले त्याचे नाव सरकारला झाकता आले नाही, ही गोष्ट उरतेच. सरकार आपली गुपिते जपण्यासाठी १८८९ मध्येच कायदा करते; सरकारला गुपित सांगणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०१४ उजाडते, आणि मंजूर झाल्यावरही त्याची अंमलबजावणी रेंगाळते.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्रात त्यासाठी अण्णा हजारे यांनी आंदोलने केली, २००२ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. ज्या कागदासाठी पूर्वी कुणाला तरी फितवावे लागे, तो दहा रुपयांच्या अर्जावर मागता येऊ लागला. त्या कायद्यात एक फार मोलाची तरतूद आहे. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा काहीही म्हणो, लोकहित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते.

२०१९ मध्ये याच तरतुदीचा कस लागला. राफेल विमानांच्या खरेदीविषयी ‘द हिंदू’ने संरक्षण खात्यातली कागदपत्रे छापली होती आणि ती सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली गेली. सरकारच्या वतीने आधी सांगण्यात आले, की हे कागद चोरीला गेले आहेत. मग खुलासा झाला, की मूळ कागद जागेवरच आहेत, बाहेर आल्या आहेत त्या त्यांच्या झेरॉक्स. मार्विनची आठवण यावी असाच युक्तिवाद! १० एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने सरकारचे आक्षेप फेटाळले आणि त्या कागदांचा विचार करता येईल असे ठरवले. निकालात एल्सबर्गच्या कागदांवरच्या १९७१ च्या अमेरिकी निकालाचाही दाखला होता. मूळ खटल्यात पुढे, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, न्यायालयाने पुनर्विचार याचिका फेटाळल्या. म्हणजे कागद वाचायला हरकत नाही असे म्हणणे वेगळे आणि त्यावरून आरोप सिद्ध झाला असे म्हणणे वेगळे. बर्वे प्रकरणानंतर हा फरक आपल्याला नवा वाटायला नको.

आणि आता अगदी आपल्या घरातला विषय. प्रश्नपत्रिका. त्यातले गुपित हे अर्थसंकल्पासारखे प्रामाणिक गुपित आहे. ठरलेल्या तासाला ते सगळ्यांसाठी एकदम उघडायचे असते, आणि गरिबाच्या मुलाला व श्रीमंताच्या मुलाला ते एकाच क्षणी दिसावे एवढाच त्या गुप्ततेचा हेतू. पेपर फोडणारा तो क्षण विकतो. खेड्यातून तालुक्याला येऊन, खोली भाड्याने घेऊन, अभ्यासिकेत रात्री काढणाऱ्या मुलाची दोन-तीन वर्षे तो विकतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेवरून २०२४ मध्ये देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा केंद्राचा कायदा जून महिन्यात लागू झाला. संघटितपणे असा गुन्हा करणाऱ्यांना पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड त्यात आहे. कायद्याच्या इंग्रजी भाषेतही या गुन्ह्याचे नाव ‘गळती’ असेच आहे. एल्सबर्गने केली तीही गळती, आणि याने केली तीही गळती!

म्हणून मला वाटते, की यापुढे बातमीत ‘लीक झाले’ असे वाचले की आपण थोडे थांबावे. कुणी फोडले? ते खरे आहे हे कुणी तपासले? आणि फुटल्यामुळे फायदा कुणाचा झाला, चार लोकांचा की सगळ्यांचा? बातमी देणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही देता येणार नाही, कारण ते नाव जपणे हा त्याचा धर्म आहे. पण दुसऱ्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने आपल्याला दिलीच पाहिजेत.

घरातला नळ गळत असेल तर वॉशर बदलून भागते. बातमी गळते तेव्हा मात्र प्लंबर शोधण्याआधी पाणी कुठल्या टाकीतले आहे ते पाहावे.